दमा की सीओपीडी? डॉक्टरांना बरे दिवसही सांगा

छातीच्या डॉक्टरांकडे गेलेला माणूस आपल्या सगळ्यात वाईट रात्रीचं वर्णन करतो. किती धाप लागली, उठून खिडकीशी कसं बसावं लागलं, पहाटे कुणाकुणाला जागं केलं. ते सांगायलाच हवं. पण दमा आणि सीओपीडी (हवेची वाट कायमची अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) या दोन आजारांतली वाईट रात्र जवळजवळ सारखीच असते. छातीत घरघर, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज, खोकला, सुटता न सुटणारा बेडका. वेगळेपण दिसतं ते बऱ्या दिवसात. दम्याच्या माणसाला अधूनमधून असा दिवस मिळतो की आपल्याला काही आजार आहे हेच तो विसरतो आणि पर्वतीच्या पायऱ्या न थांबता चढून जातो. सीओपीडीच्या माणसाचा बरा दिवस म्हणजे कालच्यापेक्षा धाप जरा कमी, एवढंच.

आमच्या घरात दोन्ही आहेत. मला शाळेपासून दमा, आणि मुळशीकडच्या आत्याला साठीनंतर कळलेला सीओपीडी. कळेपर्यंत सगळे तिला ‘तुलाही दमाच’ म्हणायचे, आणि सणाला पुण्यात आली की ती माझाच निळा पंप (सालब्युटामॉलचा, श्वासनलिका झटकन मोकळ्या करणारा) ओढायची. त्याने तिला थोडं बरंही वाटायचं, पंचाईत झाली ती त्यामुळेच. थोडं बरं वाटतंय म्हटल्यावर तपासायला कोण जातं?

दोन्ही आजारांत खरी अडचण श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडण्याची असते. दम्यात श्वासनलिका चिडक्या असतात. धूळ, परागकण, सर्दीचा विषाणू, गार हवा, कुणाला तर पोट धरून हसणंसुद्धा पुरतं. नळ्या आतून सुजतात, भोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साठतो. चीड ओसरली, औषध मिळालं की नळ्या पुन्हा मोकळ्या. सीओपीडीत वर्षानुवर्षांच्या धुराने लहान नळ्या कायमच्या अरुंद होतात, आणि त्यांच्या टोकाशी असलेल्या हवेच्या इवल्या पिशव्या फाटत जातात. जुन्या चड्डीतलं इलॅस्टिक ओढलं की तसंच सैल राहतं, तशी ही फुप्फुसं हवेने भरतात पण पुरती रिकामी होत नाहीत. जुनी हवा आत अडकलेली, मग नव्या हवेला जागा कुठे? आत्या जिना चढल्यावर ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायची. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. असं केल्याने नळ्या थोडा जास्त वेळ उघड्या राहतात, हे शरीराला आपोआप उमगतं.

डॉक्टर वय विचारतात, कारण सीओपीडी सहसा चाळिशीच्या आत दिसत नाही. पण हा धागा कच्चा आहे. दमा पन्नाशीतही पहिल्यांदा उपटू शकतो. त्याहून कामाचा प्रश्न म्हणजे त्रासाची चाल कशी आहे. दमा येतो-जातो. रात्री आणि पहाटे वाढतो, ऋतू पाळतो, घर बदललं तर बदलतो. सोबत बहुतेकदा सकाळच्या शिंकांची माळ असते, लहानपणी अंगावर उठलेला इसब असतो, आईला किंवा मामाला ॲलर्जी असते. सीओपीडी एकाच दिशेने चालतो. आधी सिंहगड सुटतो, मग पर्वती, मग घरचा जिना. शेवटी अंघोळीनंतर अंग पुसतानाही थांबावं लागतं. हे इतकं हळू घडतं की माणूस ‘वय झालं’ म्हणून एकेक गोष्ट सोडत जातो आणि आपण काही सोडलंय हेही त्याच्या लक्षात येत नाही.

‘पण आत्याने तर कधी विडीला हात लावला नाही!’ हे आमच्याकडे सगळ्यांनी म्हणून झालं. जगभर सीओपीडीचं नाव सिगारेटशी जोडलं गेलं, त्यामुळे चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बायका निदानातून निसटत राहिल्या. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नेमका हाच मुद्दा मांडला होता, की धूम्रपान न करणाऱ्यांचा सीओपीडी हा मोठा आणि दुर्लक्षित प्रश्न आहे, आणि त्यात लाकूड-गोवऱ्यांच्या धुराचा वाटा मोठा आहे. मुळशी, वेल्हे, मावळातल्या पावसाळ्यात ओली लाकडं, बंद दार आणि फुंकणीने पेटवलेली चूल, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. शहरातल्या वाड्यांमध्ये अंघोळीच्या पाण्याचे बंब होतेच. त्यात खडी-सिमेंटच्या धुळीतलं काम, पूर्वी होऊन गेलेला क्षयरोग, हेही धरा. गॅस आला म्हणून आधीची तीस वर्षं पुसली जात नाहीत. म्हणून डॉक्टरांनी ‘सिगारेट ओढता का?’ एवढंच विचारलं, तर चुलीचं आपण होऊन सांगावं.

दम्याला मात्र इतका दीर्घ इतिहास लागत नाही, चिथावणी पुरते. आणि पुण्यात चिथावणीची कमी नाही. पावसानंतर मोकळ्या प्लॉटवर आणि नदीकाठी माजणारं गाजर गवत घ्या. भारतात या गवताची नोंद प्रथम १९५६ मध्ये झाली, तीही पुण्याहून (हा मान आपण मिरवत नाही, हे बरंच). त्याचे परागकण नाकाची आणि कातडीची ॲलर्जी उठवतात, आणि ज्यांचं नाक असं पेटतं त्यांची छाती पुष्कळदा मागोमाग पेटते. थंडीतल्या सकाळी धूर जमिनीलगत अडकतो, दिवाळीचे फटाके, गादीतली धूळ, उदबत्ती. डासांची कॉइल तर फार निरागस दिसते. पण २००३ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले होते. ती दोन्ही आजारांना सारखीच वाईट. मच्छरदाणी लावा.

आता तपासणी. छातीचा एक्स-रे काढला आणि तो ‘क्लिअर’ आला म्हणून खूश होऊन परतणारे खूप. क्षयरोग, न्यूमोनिया वगैरे नाही ना हे पाहायला एक्स-रे लागतोच, आणि खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल तर बेडक्याची तपासणीही टाळू नये. पण दम्याच्या रुग्णाचा एक्स-रे पुष्कळदा अगदी स्वच्छ असतो, आणि सुरुवातीच्या सीओपीडीचाही. नळ्यांमधून हवा किती वेगाने बाहेर पडते हे फोटोत दिसणार कसं? त्यासाठी फुंकावं लागतं. त्या चाचणीचं नाव स्पायरोमेट्री. हे यंत्र जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने १८४६ मध्येच जगापुढे आणलं. रक्तदाब मोजायचा पट्टा त्याच्यानंतर पन्नास वर्षांनी आला, पण तो गल्लीतल्या प्रत्येक दवाखान्यात पोचला. स्पायरोमीटरसाठी अजूनही ससूनचा छातीरोग विभाग, मोठं रुग्णालय किंवा छातीचा तज्ज्ञ गाठावा लागतो. मला हे कोडं अजून सुटलेलं नाही.

चाचणीत नाकाला चिमटा लावतात, छाती भरून श्वास घ्यायला लावतात आणि मग नळीत जीव खाऊन फुंकायला सांगतात. तंत्रज्ञ ‘फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका’ असं ओरडत असतो. त्यात अवघडण्यासारखं काही नाही, ओरडणं हा चाचणीचाच भाग आहे. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली (एफईव्ही-१) आणि एकूण किती पडली (एफव्हीसी) हे दोन आकडे निघतात. मग सालब्युटामॉलचे पंप देतात, पंधराएक मिनिटं बसवतात आणि पुन्हा फुंकायला लावतात. चाचणी इथे तोच प्रश्न विचारत असते: औषध मिळाल्यावर तुम्ही किती बरे होता? पहिल्या सेकंदाचा आकडा १२ टक्क्यांनी आणि किमान २०० मिलिलिटरने वाढला, तर कल दम्याकडे. औषधानंतरही पहिल्या सेकंदाची हवा एकूण हवेच्या ०.७० पटीपेक्षा कमीच राहिली, तर सीओपीडीची शंका पक्की होत जाते. चाचणीआधी कोणता पंप किती तास बंद ठेवायचा हे आधीच विचारून ठेवा. आपल्या मनाने बंद करू नका.

यात एक मेख आहे. दम्याचा माणूस बऱ्या दिवशी फुंकायला गेला तर आकडे अगदी नॉर्मल येतात. म्हणजे दमा नाही असं नव्हे. अशा वेळी डॉक्टर पीक फ्लो मीटर देतात. ही छोटी प्लास्टिकची नळी घरी ठेवून दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ फुंकायची आणि आकडे वहीत लिहायचे. सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांमधली तफावत रोज सरासरी १० टक्क्यांहून जास्त निघाली तर नळ्या चिडक्या आहेत याचा तो मोठ्या माणसांतला चांगला पुरावा. मी मीटरचा भक्त आहे, कारण वहीसमोर डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही अंदाजपंचे बोलता येत नाही.

इतका आटापिटा करायचा कारण औषधाचा क्रम दोन्हींत वेगळा आहे. दम्याचं मूळ सुजेत, म्हणून पाया असतो ओढून घ्यायच्या स्टिरॉइडचा. नळ्या उघडणारं औषध एकटंच घेत राहिलं तर वरून बरं वाटतं आणि आत सूज वाढत राहते. म्हणूनच दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने, जिनाने, २०१९ पासून नुसत्या निळ्या पंपावर दमा सांभाळू नका असं सांगितलंय. नळ्या दीर्घकाळ उघड्या ठेवणारं औषध स्टिरॉइडशिवाय देणं दम्यात धोक्याचं ठरू शकतं. सीओपीडीत मात्र तीच दीर्घकाळ चालणारी औषधं, बहुधा दोन एकत्र, हा पाया. स्टिरॉइड तिथे सरसकट नाही. वारंवार जोर करणारा आजार आणि रक्तात इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी जास्त असतील तर त्याचा उपयोग, एरवी न्यूमोनियाचा धोका वाढतो. म्हणजे आत्या माझा पंप ओढत होती तेव्हा तिला हवं ते मिळत नव्हतं, आणि तिचा पंप मी ओढला असता तर मला धोका होता.

‘पंपाची सवय लागते, त्यापेक्षा गोळी बरी’ हे वाक्य पेठेत आणि हिंजवडीत सारख्याच आत्मविश्वासाने ऐकू येतं. सालब्युटामॉलची एक गोळी ४ मिलिग्रॅमची असते, पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे एका गोळीत चाळीस फवाऱ्यांचं औषध, आणि तेही सगळ्या अंगभर फिरून. हात थरथरतात, छाती धडधडते ती त्यामुळे. पंपाला स्पेसर (फवारा आधी साठवून धरणारी प्लास्टिकची नळी) लावावा, स्टिरॉइड घेतल्यावर खळखळून चूळ भरावी, एवढं पाळलं की झालं.

मृगाला हैदराबादला जाऊन माशाचं औषध घेऊन येणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. फक्त एक लक्षात घ्या: दमा मुळातच चढतो-उतरतो, आणि माणूस उपाय शोधायला निघतो तो चढाच्या टोकाला. उतार लागला की श्रेय शेवटच्या उपायाला. सीओपीडीवाल्याला तोच मासा लागू पडला असं सहसा ऐकू येत नाही.

रेघ नेहमी इतकी स्वच्छ नसते. वर्षानुवर्षं अंगावर काढलेल्या दम्यात नळ्या जाड होऊन कायमच्या अरुंद होऊ शकतात, आणि लहानपणापासून दमा असलेला माणूस विड्या ओढून सीओपीडीही पदरात घेऊ शकतो. शिवाय धाप लागते ती हृदयाच्या दुबळेपणाने, रक्त कमी असल्याने, आणि कबुतरांच्या विष्ठेमुळे होणाऱ्या फुप्फुसांच्या आजारानेही. काचबिंदूचे काही थेंब आणि काही वेदनाशामक गोळ्या दमा उसळवतात, म्हणून डोळ्याच्या किंवा हाडांच्या डॉक्टरांनाही दम्याचं सांगायचं.

सोसायचं कसं, याचं उत्तरही त्या फरकावरच ठरतं. मी कशाने बिघडतं ते शोधून टाळतो, रोजचं औषध बरं असतानाही घेतो, आणि मग धावतोसुद्धा. आत्याला धूर कायमचा बंद, फ्लू आणि न्यूमोनियाची लस, आणि रोजचं चालणं. दम लागतो म्हणून ती बसून राहायची, त्याने पायांचे स्नायू गेले आणि दम आणखी लवकर लागू लागला; फिजिओथेरपिस्टने शिकवलेल्या व्यायामाने तिला फुप्फुसं नवी मिळाली नाहीत, पण भाजी आणायला ती पुन्हा स्वतः जाते.

आणि वाक्य पुरं करता येत नसेल, ओठ निळे पडत असतील, पंपाने उतार पडत नसेल, तर दोन्हींत वाट न पाहता १०८ ला फोन. गाडी आली की रुग्णाला सीओपीडी आहे की दमा हे आधी सांगा. सीओपीडीत ऑक्सिजन मोजून द्यावा लागतो, पातळी ८८ ते ९२ टक्क्यांत ठेवून. भरमसाट दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून रुग्ण गुंगीत जाऊ शकतो. आत्याच्या पिशवीत हे एका चिठ्ठीवर लिहून ठेवलंय, औषधांच्या नावांसकट.