बार उडवला की नळीत उकळतं पाणी काहून ओतत होते?

आपल्या विदर्भात गावाकडं बंदूक दिसते ती एक तर पोलिसाच्या खांद्यावर, नाहीतर रानडुकरांपायी जागलीला जाणाऱ्या परवानेवाल्याकडं, आणि त्याच्याकडं बहुतेक भरमार, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासायची बंदूक, नाहीतर बारा बोर (१९५९ च्या शस्त्र कायद्यात पीक राखायला भरमारीचा उल्लेखच आहे). पण जुने लोक सांगतात ते भरमारीलाही तेच अन् रायफलीलाही तेच, आधी उकळतं पाणी, मग नळी खडखडीत कोरडी, मग तेल. गंमत म्हणजे दोघांची कारणं वेगळी आहेत.

भरमारीत काळी दारू, म्हणजे सोरा, कोळसा आन् गंधक. ती जळली की निम्म्याहून जास्त मालाची राख होते, काही धुरात जाते, बाकी नळीतच बसते, ती राख हवेतली ओल ओढते आणि आपल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. तिच्यातले क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. रायफलीच्या आट्यांत, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांत, ही राख भरली की पुढची गोळी वरून खाली उतरतच नव्हती, म्हणून इंग्रजांच्या १८५३ च्या एनफिल्ड रायफलीच्या काडतुसाला चरबी लावायचे, गोळी सरकावी अन् राख मऊ राहावी म्हणून. शाळेत चरबी गायीची की डुकराची एवढंच शिकवलं, ती लावायची कशाला हे कोणीच नाही सांगितलं! १८५७ चा भडका उडाला त्यात हे वंगणच निमित्त होतं.

१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएलनं बिनधुराची दारू काढली, दोन वर्षांत लेबेल रायफल आली, आता धुवायची कटकट गेली असं वाटलं, पण नळ्या गंजतच राहिल्या, तेल लावूनही. लोक नव्या दारूलाच दोष देत बसले. खरा चोर होता काडतुसाच्या टोपीत, म्हणजे ठोका बसला की पेटून दारू पेटवणाऱ्या बुडच्या टिकलीत, तिच्यातलं पोटॅशियम क्लोरेट जळून क्लोराईड होतं, म्हणजे मिठाचाच भाऊ. अमेरिकेच्या खाण खात्यातल्या विल्बर्ट हफनं १९२२ मध्ये हे मांडलं, मीठ तेलाच्या थराखाली बसून ओल धरतं, वरून कितीही तेल चोपडा. म्हणून थ्री-नॉट-थ्रीलाही उकळतं पाणीच. तिच्या दस्त्यात मागं कप्पा असायचा, त्यात तेलाची बाटली आणि पुलथ्रू, म्हणजे सफाईची दोरी, तिला चिंदी बांधून नळीतून ओढायची.

न गंजवणाऱ्या टोप्या जर्मनीत १९२० च्या दशकातच आल्या होत्या, अमेरिकी लष्करात मात्र बहुतेक काडतुसांत १९५० नंतर. अशा टोपीच्या काडतुसांना पाण्याचं कारण संपलं, सवय उरली.

मग उलटंच झालं. व्हिएतनामात अमेरिकी जवानांना एम-१६ रायफल दिली तेव्हा ही फारशी साफ करावी लागत नाही अशी हवा, सफाईचं सामानही बऱ्याच जवानांना नाही, वरून दारू बदललेली, रायफली ऐन लढाईत अडकल्या. पुढं चेंबरला, म्हणजे काडतूस बसते त्या जागेला, क्रोमचा मुलामा दिला, सामान दिलं, तेव्हा कुठं निभावलं. एके-४७ च्या नळीला क्रोम आधीपासूनच होता.

तेलाचं म्हणाल तर जास्त तेल म्हणजे मे महिन्यात धुळीला आवतन, बारीक हात फिरवला तरी पुरे. आणि आपलं जवसाचं तेल इंग्रज रायफलीच्या लाकडी दस्त्याला चोळायचे, ते हवेत वाळून कडक होतं, लाकडाला तेच पाहिजे असते. बोल्टमध्ये, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या मागच्या सरकत्या भागात, ते घालू नका राजेहो, चिकटून बसते अन् मग खरवडूनच काढावं लागते.