मोज्यातलं कुसळ आणि सरकारी मोजणी

दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही चौघं इंदूरजवळच्या चोरलच्या बाजूला भटकायला गेलो होतो, सकाळी पोहे-जलेबी हाणून निघालो, सिमरोलचा घाट उतरल्यावर गाडी कडेला लावली आणि सागाच्या जंगलात शिरलो, दोन-अडीच तास नुसतेच फिरलो. घरी राजेंद्रनगरला परत आलो तर आईने दारातच अडवलं. पायात मोजे नव्हतेच, दोन साळिंदरं होती. "तिथेच काढ आणि बादलीत टाक, एक जरी कुसळ सोफ्यात गेलं ना तर तूच शोधत बसशील." टाकले बादलीत. आणि मग पुढचा अर्धा तास मी बादलीपाशीच बसून होतो, कारण कुसळं हलत होती.

खरंच हलत होती. एक उपटून ओल्या पेपरवर ठेवलं. पुढे गव्हाच्या दाण्याहून बारीक बी, टोक सुईसारखं, आणि मागे लांब काळपट शेपूट, मधे गुडघ्यासारखी वाकलेली. पाणी लागलं की शेपटीचा पीळ सुटायला लागतो आणि तो वाकलेला भाग घड्याळाच्या काट्यासारखा हळूहळू गोल फिरतो, वाळलं की पीळ परत बसतो आणि काटा उलटा फिरतो. यात जिवंत काही नाही बरं का, शेपूट मेलेल्या पेशींची असते. पेशीच्या भिंतीत सेल्युलोजचे धागे स्प्रिंगसारखे तिरके गुंडाळलेले असतात, पाणी प्यायल्यावर भिंत फुगते पण धाग्याच्या लांबीच्या दिशेने तिला फुगता येत नाही, मग सगळी पेशीच फिरते. चार्ल्स डार्विनचा मुलगा फ्रान्सिस याने 1876 मध्ये अशाच शेपटीवाल्या एका गवतावर प्रयोग करून लिहून ठेवलंय की बी या पिळाच्या जोरावर स्वतःला जमिनीत गाडून घेतं. टोकाशी मागे वळलेले ताठ केस असतात, त्यामुळे पुढे सरकलं की मागे यायची सोय नाही. रात्री दव, दिवसा ऊन, आणि बी स्क्रूसारखं आत. मग उन्हाळ्यात जंगलाला आग लागली तरी वरचं गवत जळतं, बी मातीत सुखरूप. माझा मोजा त्याच्या हिशेबात मातीच होता.

या गवताचं नावच कुसळी, शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आपल्याला लगेच दिसतं ते हे असंच काहीतरी, पण मेंढीच्या डोळ्यात आणि तोंडात गेलं की म्हण वगैरे काही राहत नाही, जखमच होते.

तर त्या जंगलात एक गायी चारणारे दादा भेटले होते, डोक्याला गमछा, हातात काठी, सोबत दहा-बारा मालवी गायी. सगळीकडे कमरेएवढं सोनेरी गवत आणि गायी मात्र त्यात तोंड न घालता ओढ्याकडेच्या हिरव्या पट्ट्यात घुटमळत होत्या. मी शहरी शहाणपणाने विचारलं, इतकं गवत पडलंय, खात का नाहीत? ते हसले, म्हणाले, "भिया, अब ये किस काम का, सावन में आते तो देखते."

त्यांचं ते एक वाक्य अजून डोक्यातून जात नाही. तेच गवत, तीच गाय, तीच जागा. श्रावणात चारा, कार्तिकात सुया. फुलोरा येण्याआधी कुसळीत प्रोटीन बऱ्यापैकी असतं, पान मऊ असतं, नंतर गवत सगळा माल बियांत आणि मुळांत पाठवतं आणि वर उरतो तो लिग्निनचा, म्हणजे लाकडाला कडक करणाऱ्या द्रव्याचा, सांगाडा, जो गाईच्या पोटातल्या जंतूंनाही धड पचवता येत नाही. म्हणजे या जंगलात किती ढोरं चरतात हा प्रश्न अर्धाच झाला, कधी चरतात हा उरलेला अर्धा, आणि माझ्या मते मोठा अर्धा.

गवताची वाढ कुठून होते ते बघा. झाडाच्या रोपाचा वाढणारा कोंब शेंड्याला असतो, शेळीने शेंडा खाल्ला की रोप बसलं, नाहीतर मग बाजूने फांद्या काढून वर्षानुवर्षं खुरटं झुडूपच राहतं. गवताचा कोंब मात्र बुडाशी, जमिनीलगत. वरची पानं कापली तरी खालून नवी येतात, म्हणून तर लॉन कापता येतं. पण नवी पानं काढायला खर्च येतो आणि तो मुळातल्या साठ्यातून जातो. एकदा चरल्यावर दोन-चार आठवडे आराम मिळाला तर साठा परत भरतो, रोज चरलं तर भरत नाही. आणि गाय काही सगळं सारखं खात नाही, आवडीचं आधी खाते. त्यामुळे चवदार गवत सारखं मार खातं आणि बेचव गवताला मोकळं मैदान मिळतं.

हे सगळं आपल्याच माणसाने मांडून ठेवलंय. दाबडघाव आणि शंकरनारायण या दोघांनी 1973 मध्ये भारताच्या गवताळ आच्छादनाचे पाच प्रकार केले (आडनाव वाचून मराठी मन जरा खुश होतंच), त्यात माळव्यासकट अख्खा द्वीपकल्पाचा भाग सेहिमा-डायकँथियम प्रकारात येतो. सेहिमा म्हणजे आपलं शेडा-पवन्या, डायकँथियम म्हणजे मारवेल, दोन्ही ढोरांची लाडकी. चराई वाढत गेली की हे मागे पडतं आणि कुसळी पुढे येते, अजून वाढली की कुसळीही जाते आणि एका पावसाचं, बोटभर उंचीचं हलकं गवत उरतं. झाडांचंही तेच, सागाला ढोरं सहसा तोंड लावत नाहीत, घाणेरीने तर विषबाधाच होते, म्हणून बाकीची रोपं संपतात आणि हीच माजतात.

आता सरकारकडे येऊ. सरकारला शेती-गुरांसाठी अनुदान वाटायचं तर काहीतरी मोजावं लागतं, त्यात चूक काही नाही. पण जे मोजाल तेच वाढतं किंवा तेच कापलं जातं, आणि याचा सगळ्यात नमुनेदार किस्सा युरोपातला आहे. तिथे झाडंही आहेत आणि खाली गुरंही चरतात अशी शेकडो वर्षं जुनी कुरणं आहेत, मोठमोठे ओक, मधे गवत. युरोपियन युनियनचं शेतीअनुदान जमिनीच्या हेक्टरवर मिळायचं, पण ते "शेतीच्या" जमिनीला, जंगलाला नाही. मग कुरण कुठे संपतं आणि जंगल कुठे सुरू होतं? त्यांनी झाडांची मर्यादा लावली, आधी हेक्टरी 50 झाडं, पुढे 100. रोमेनिया आणि बल्गेरिया 2007 मध्ये युनियनमध्ये आले, आणि तिथल्या शेतकऱ्यांनी साधा हिशेब केला, झाडं-झुडपं साफ करा आणि जमीन अनुदानात बसवा. ज्या सावलीत गुरं उभी राहायची आणि ज्या काटेरी झुडपांच्या आडोशाला ओकची रोपं गुरांपासून वाचायची, तीच अनुदानासाठी गेली. कोणीही वाईट नव्हतं यात, फॉर्ममध्ये एक आकडा होता बस.

ब्रिटनमध्ये उलट झालं. तिथे 2005 च्या आधी मेंढीच्या डोक्यामागे पैसे मिळायचे, तर लोकांनी मेंढ्या वाढवल्या आणि डोंगर बोडके झाले. मग पैसे डोक्यापासून तोडून जमिनीला जोडले. पण जिथे जमीन कोणा एकाची नाहीच तिथे काय करायचं? इंग्लंडच्या दक्षिणेला न्यू फॉरेस्ट म्हणून जंगल आहे, राजाने साधारण 1079 मध्ये शिकारीसाठी राखलेलं, तिथे आजही आसपासच्या लोकांना सामायिक चराईचा हक्क आहे. मला तिथली घोड्यांची शेपटी फार आवडली. मालकाने चराईची वार्षिक फी भरली की तिथला जंगलचा माणूस त्या घोड्याच्या शेपटीचे केस ठराविक पद्धतीने कातरतो, कापलेल्या शेपटीवरून लांबूनच कळतं की फी भरली आणि घोडा कोणत्या भागातला. शेपटीचीच पावती! आणि दर शरद ऋतूत तिथे किमान 60 दिवस डुकरं सोडतात, कारण ओकची हिरवी फळं घोड्या-गाईंना विषारी असतात आणि डुकरं ती मजेत खाऊन टाकतात. म्हणजे कोणतं जनावर, कोणत्या महिन्यात, हे त्यांनी पूर्वीच नियमात घालून ठेवलंय. पुढे सरकारी अनुदान मात्र चराईच्या हक्काशी जोडलं गेलं आणि जनावरांची संख्या वाढत गेली, त्यावर तिथे बराच वाद आहे.

आणि आपल्याकडे? पीएम-किसानचे वर्षाला 6000, त्यावर मध्य प्रदेश सरकारचे अजून 6000, पण दोन्ही जमिनीच्या नोंदीवर. चोरलच्या त्या दादांना मी विचारलं नाही त्यांच्या नावावर जमीन आहे का, पण नसेल तर या 12,000 मधला एक रुपयाही त्यांच्याकडे येणार नाही. गोशाळेत बांधलेल्या गाईमागे आधी दिवसाला 20 रुपये मिळायचे, ते 40 केले. चांगलंच आहे, पण जंगलात चरून घरी येणाऱ्या गाईला त्यातलं काही नाही. गावची चरनोई, म्हणजे चराईसाठी राखलेली, जमीन 1990 च्या दशकाच्या शेवटाला कमी करून भूमिहीनांना वाटली गेली, तेही न्यायाचंच काम होतं, पण ढोरं कमी झाली नाहीत, ती जंगलाकडे वळली. वनहक्क कायदा 2006 मध्ये चराईचा हक्क स्पष्ट लिहिलाय, अगदी फिरत्या मेंढपाळांचासुद्धा. तरी आपल्याकडे चराई म्हटलं की आधी कांजी हाउसच आठवतं, म्हणजे मराठीत कोंडवाडा, आणि त्याचा कायदा आहे 1871 चा.

गंमत अशी की वेळ मोजायची पद्धत माळव्यात होतीच. रतलाम-धारकडे गवताच्या राखीव माळाला बीड म्हणतात. पावसाळाभर बीड बंद, दिवाळीच्या आसपास विळ्याने गवत कापायचं, रचून ठेवायचं, आणि मगच ढोरं आत. रतलामजवळ सैलानाला 1983 मध्ये खरमोर (मराठीत तणमोर) पक्ष्याचं अभयारण्य झालं ते अशाच गवतात. खरमोराचा नर पावसाळ्यात गवतातून उंच उड्या मारून मादीला बोलावतो, त्याला तेव्हाच उभं गवत हवं असतं, आणि बीड तेव्हाच बंद असायचं. हिवरे बाजारच्या चराईबंदीबद्दल आपण नेहमी ऐकतो, तिथेही गवत कापून न्यायला परवानगी होतीच, हे मात्र सांगताना बरेचदा गाळतात.

अशी मोजणी सरकारला जमेल का? हेक्टर उपग्रहातून दिसतात, गाईच्या कानात टॅग लावता येतो, "श्रावणात दोन आठवडे चरली आणि मग महिनाभर नाही" हे कोण नोंदवणार? मला वाटतं गावाने नोंदवावं आणि पैसेही गावाला मिळावेत, गवत काय स्थितीत आहे ते बघून. मारवेल परत आलं की नाही हे सांगायला उपग्रह लागत नाही, ते दादा चालता चालता सांगतील.

मोजे आईने शेवटी फेकून दिले. पेपरवरची कुसळं मी गॅलरीत ठेवली होती, त्यातलं एक कसं कोण जाणे तुळशीच्या कुंडीत गेलं आणि आता फक्त शेपूट बाहेर दिसते. कुसळीचं ताजं बी महिनोन्महिने उगवत नाही, झोपून राहतं. आईला अजून सांगितलं नाहीये.