कंपवात : मेंदूची डागडुजी आणि तालावरचं पाऊल

कंपवात म्हणजे ज्याला आपण सर्रास पार्किन्सन्स म्हणतो तो मेंदूचा हळूहळू वाढत जाणारा आजार. मध्यमेंदूत सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाचा एक काळपट पट्टा असतो, तिथल्या डोपामिन (हालचालीचे निरोप पोचवणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी मरत जातात आणि हालचाल सुरू करायची, तिचा वेग राखायचा ही मेंदूची आपोआप चालणारी यंत्रणा ढिली पडते. हात थरथरणं, अंग ताठणं, सगळं मंदावणं, तोल जाणं हे बहुतेकांना माहितीच असतं. एवढंच सांगायला हवं की प्रत्येक पेशंटला कंप असतोच असं नाही, आणि वास न येणं, बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणं या गोष्टी कंपाच्या कित्येक वर्षं आधीपासून असू शकतात, फक्त तेव्हा त्यांचा संबंध कोणी लावत नाही.

नावाचा वाद

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजारावर एक छोटा निबंध लिहिला. त्यात फक्त ६ पेशंट होते आणि त्यातले काही तर त्यांनी रस्त्यावर येता-जाता पाहिलेले. पुढे फ्रान्सच्या शार्को यांनी आजाराला पार्किन्सन यांचं नाव दिलं. पार्किन्सन यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ चा, म्हणून ११ एप्रिल हा जागतिक पार्किन्सन्स दिन.

आता आपल्याकडचा मुद्दा. ‘हा आजार आयुर्वेदाला ५००० वर्षांपासून ठाऊक होता’ असं वाक्य व्हॉट्सअ‍ॅपपासून भाषणांपर्यंत सगळीकडे सापडतं, पण ग्रंथ उघडून बसलं की चित्र जरा वेगळं दिसतं. चरकसंहितेत वाताच्या ८० विकारांच्या यादीत ‘वेपथु’ म्हणजे कंप आहे, पण तो यादीतला एक शब्द आहे, आजाराचं वर्णन नाही. माधवनिदानात, म्हणजे साधारण ७ व्या-८ व्या शतकात, सर्वांगाचा किंवा डोक्याचा कंप म्हणजे वेपथु अशी व्याख्या येते. ‘कंपवात’ हे नाव लक्षणांसकट ठळकपणे येतं ते बसवराजीयम् या आंध्रकडच्या ग्रंथात. त्याचा काळ वेगवेगळे अभ्यासक वेगवेगळा धरतात, उत्तर मध्ययुगातला मानणं त्यातल्या त्यात सुरक्षित. तळहात-तळपायांचा कंप, झोप मोडणं, बुद्धी क्षीण होणं अशी लक्षणं तिथे आहेत आणि झोपेचा उल्लेख खरंच विचार करायला लावणारा आहे.

१९९० मध्ये बाला मन्यम यांनी ‘मूव्हमेंट डिसऑर्डर्स’ या जर्नलमध्ये आयुर्वेदातल्या या वर्णनांवर लेख लिहिला आणि तेव्हापासून कंपवात म्हणजेच पार्किन्सन्स हे समीकरण पक्कं होत गेलं. विरुद्ध बाजूचं म्हणणं असं की नुसता कंप म्हातारपणात, एसेन्शियल ट्रेमर या नुसत्या कंपाच्या वेगळ्या आजारात, थायरॉइडमध्येही येतो, आणि ताठरपणा म्हणजे स्तंभ, हालचाल कमी होणं, बोलणं बिघडणं ही लक्षणं ग्रंथांत आहेत खरी पण वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेली, एका माणसात एकत्र येणारा एक आजार म्हणून ती बांधलेली नाहीत. मला हे दुसरं म्हणणं जास्त पटतं. कंपवात हा मराठीत सोयीचा, रुळलेला शब्द आहे, तो वापरावाच, पण त्यावरून जुन्या वैद्यांनी नेमका हाच आजार ओळखला होता असं म्हणता येत नाही.

नाशिकमध्ये हा वाद नुसता पुस्तकी राहत नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून इथे आहे आणि राज्यातली अ‍ॅलोपॅथी आणि आयुर्वेद दोन्ही कॉलेजं त्याच एका विद्यापीठाखाली येतात. पंचवटीत जुनं आयुर्वेद महाविद्यालय आहे, त्यामुळे इथला पेशंट सकाळी सिंडोपा ही पार्किन्सन्सची नेहमीची गोळी आणि दुपारी कवचबीजाचं, म्हणजे खाजकुइलीच्या बियांचं, चूर्ण असं दोन्ही घेत असेल तर त्यात कोणाला नवल वाटत नाही. डॉक्टरला मात्र ते सांगावं, कारण दोन्हीत औषध एकच आहे. ते कसं ते पुढे.

खाजकुइली, सर्पगंधा आणि गोळी

खाजकुइलीचा वेल सह्याद्रीत पावसाळ्यानंतर दिसतो, शेंगेवर सोनेरी-तपकिरी लव असते आणि ती अंगाला लागली की माणूस रडकुंडीला येतो. संस्कृतात कपिकच्छू, आत्मगुप्ता. बी काळं, चकचकीत, त्यालाच कवचबीज म्हणतात. भावप्रकाशासारख्या निघंटूत, म्हणजे औषधी वनस्पतींच्या कोशात, ती मुख्यतः वृष्य (कामशक्ती वाढवणारी), बृंहण (शरीर भरणारी) आणि वातहर म्हणून येते, कंपावरचं खास औषध म्हणून नाही, हेही वरच्या वादात लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९३७ मध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी या बियांत लेव्होडोपा, म्हणजे ज्यापासून मेंदूत डोपामिन बनतं तो पदार्थ, असल्याचं दाखवलं. त्याआधी १९१३ मध्ये गुगेनहाइम यांनी ते बाकल्याच्या शेंगांतून वेगळं केलं होतं, पण त्याचा उपयोग काय हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

उपयोग कळला तो सशांमुळे. सर्पगंधेपासून काढलेलं रिसर्पिन सशांना दिलं की ते कान पाडून निपचित बसायचे, आणि स्वीडनच्या आर्विड कार्ल्सन यांनी १९५७ मध्ये त्यांना डोपा टोचलं तर थोड्याच वेळात ससे उठून हिंडायला लागले. म्हणजे एक औषध आपल्या सर्पगंधेतलं, दुसरं आपल्या खाजकुइलीतही असलेलं, आणि दोघांची गाठ पडली स्वीडनमध्ये! कार्ल्सन यांना २००० मध्ये नोबेल मिळालं. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि होर्निकिएविच यांनी मृत पेशंटच्या मेंदूत डोपामिन घटलेलं दाखवलं, १९६१ मध्ये पेशंटना लेव्होडोपाचं इंजेक्शन देऊन पाहिलं गेलं, १९६७ मध्ये कोट्झियास यांनी तोंडाने मोठा डोस हळूहळू वाढवत न्यायची पद्धत बसवली. आजची गोळी म्हणजे तेच लेव्होडोपा, सोबत कार्बिडोपा, म्हणजे औषध मेंदूत पोचायच्या आधी शरीरातच वाया जात नाही आणि मळमळही कमी होते.

कवचबीजावर मुंबईच्या अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये पेशंटवरचं काम छापलं. २००४ मध्ये लंडनच्या एका छोट्या चाचणीत ८ पेशंटना ३० ग्रॅम चूर्ण दिलं तर परिणाम साधारण ३५ मिनिटांत दिसला, नेहमीच्या गोळीला ६८ च्या आसपास लागले. पण ८ पेशंट म्हणजे ८ च. बाजारातल्या चूर्णात लेव्होडोपा किती हे पाकिटागणिक बदलतं, आणि गोळीवर चूर्ण म्हणजे डोसवर डोस, मग अंग नको तितकं वळवळायला लागतं.

डागडुजीचे प्रयोग

गोळीने डोपामिन मिळतं, पेशी परत येत नाहीत, आणि काही वर्षांनी ‘गोळी उतरली’ की माणूस जागच्या जागी थिजतो, ‘लागली’ की चालतो, असा दिवसभर खेळ सुरू होतो. म्हणून पेशीच नव्या घालाव्यात ही कल्पना. स्वीडनमधल्या लुंड इथे १९८७ मध्ये गर्भाच्या मेंदूतल्या पेशी रोपायला सुरुवात झाली, काहींना वर्षानुवर्षं फायदा झाला. पण अमेरिकेतल्या २००१ आणि २००३ च्या नियंत्रित चाचण्यांत ठरवलेलं उद्दिष्ट गाठलं गेलं नाही आणि काहींना गोळी बंद असतानाही वळवळ राहिली. २००८ मध्ये तर रोपलेल्या पेशींतही आजाराच्या गाठी, म्हणजे लेवी बॉडीज, सापडल्या. या गाठींत अल्फा-सायन्युक्लिन नावाचं प्रोटीन असतं हे १९९७ मध्ये कळलं होतं. म्हणजे नवं रोपसुद्धा त्याच आजारी मातीत लावल्यासारखं होतं.

आताचं काम मूळपेशींवर, म्हणजे ज्यांपासून हव्या त्या पेशी घडवता येतात त्या स्टेम सेल्सवर, चालू आहे. क्योटोच्या गटाने २०१८ मध्ये प्रौढ माणसाच्या पेशींपासून उलट्या क्रमाने बनवलेल्या मूळपेशी वापरून चाचणी सुरू केली, २०२५ मध्ये ७ पेशंटचे निकाल छापले. त्याच सुमारास अमेरिका-कॅनडातल्या १२ पेशंटवरच्या चाचणीचेही निकाल आले. दोन्हींत भर मुख्यतः सुरक्षितता पाहण्यावर होता. पैसे घेऊन ‘स्टेम सेलने पार्किन्सन्स बरा करतो’ म्हणणाऱ्या जाहिरातींचा या कामाशी संबंध नाही, हे घरच्यांनी नीट लक्षात ठेवावं. मेंदूत बारीक तारा बसवून विजेचे स्पंदन देण्याची डीबीएस ही शस्त्रक्रिया वेगळी, ग्रनोबलच्या बेनाबिद यांनी १९८७ पासून रूढ केलेली. ती डागडुजी नाही, बिघडलेला ताल दाबणं आहे, आणि योग्य पेशंटमध्ये ती चांगली चालते.

पाऊल पडणं

पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात मी एका आजोबांना पाहायचे. ओटीवरच्या शहाबादी फरशीवर ते सांध्यांच्या रेघा ओलांडत झपाझप चालायचे आणि माजघराच्या उंबऱ्याशी आले की पाय जमिनीला खिळायचे. आजी शांतपणे आपला पाय त्यांच्यापुढे आडवा टाकायच्या, म्हणायच्या, “हं, ओलांडा.” आणि ते ओलांडायचे! यात जादू नाही. आपोआप पाऊल टाकण्याची वाट बंद पडली तरी डोळ्यांनी पाहून, कानांनी ऐकून, ठरवून पाऊल टाकण्याची मेंदूतली वाट बऱ्यापैकी शाबूत असते. ब्रिटनच्या पर्डन मार्टिन यांनी १९६७ मध्येच जमिनीवरच्या आडव्या पट्ट्यांचा हा परिणाम नोंदवला होता. म्हणूनच सपाट व्हरांड्यात अडखळणारा माणूस गोदाघाटाच्या पायऱ्या कधी कधी बिनदिक्कत चढतो. २०१० मध्ये नेदरलँड्सच्या ब्लूम यांनी असा पेशंट दाखवला की ज्याला दोन पावलं नीट टाकता येत नव्हती पण सायकल मात्र मस्त चालवत होता.

कानांचंही तसंच. थॉट आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ३ आठवडे तालावर चालायचा सराव देऊन चालण्याचा वेग आणि पावलाची लांबी सुधारलेली दाखवली. ताल पेशंटच्या स्वतःच्या चालीपेक्षा किंचितच जलद ठेवायचा असतो, त्यामुळे आपला नाशिक ढोल यासाठी फार धावता पडतो, भजनाच्या टाळांची संथ लय जास्त बरी. त्र्यंबकला निवृत्तीनाथांच्या यात्रेत दिंडीतली पावली बारकाईने पाहिली तर पुढे-मागे वजन टाकणं, वळणं, सगळ्यांबरोबर थांबणं हे सगळं त्यात असतं, आणि तोल सांभाळण्याच्या व्यायामात फिजिओथेरपिस्ट नेमकं हेच करून घेतात.

व्यायामाचा पुरावा पेशीरोपणापेक्षा आज तरी भक्कम आहे असं माझं मत आहे. २०१२ मध्ये १९५ पेशंटवर २४ आठवडे ताई ची हा संथ चिनी व्यायाम करून पाहिला, तोल सुधारला आणि स्ट्रेचिंगवाल्यांपेक्षा पडणं कमी झालं. २०१८ च्या ट्रेडमिल चाचणीत १२८ पेशंट होते, कमाल हृदयगतीच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत नेणारा जोरकस व्यायाम करणाऱ्यांत लक्षणं ६ महिन्यांत व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा कमी वाढली. टँगो नाचावरही अभ्यास आहेत, आणि पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळातले शुभार्थी, म्हणजे पेशंट, नाच शिकतात.

आजोबांच्या उंबऱ्यापुढे नंतर आम्ही पिवळी इन्सुलेशन टेप आडवी चिकटवली, वीत-वीत अंतरावर तीन पट्ट्या. सकाळच्या गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासाने ते त्या मोजत आत जायचे. पट्ट्या झिजल्या की आजी स्वतःच नव्या लावायच्या.