बहुकेंद्री कॅसलमन रोग: दीर्घकालीन वाटचालीचा अभ्यास

कापोसी सार्कोमा हर्पिस विषाणूमुळे, म्हणजेच मानवी हर्पिस विषाणू-८ मुळे, शरीरातील अनेक ठिकाणच्या लसिका ग्रंथी (संसर्गाशी लढणाऱ्या पेशींच्या लहान गाठी) एकाच वेळी सुजतात तेव्हा त्या विकाराला विषाणुसंबद्ध बहुकेंद्री कॅसलमन रोग म्हणतात. हा रोग विरळा असून तो प्रामुख्याने एचआयव्हीबाधित व्यक्तींत आढळतो. एकाच रुग्णाची वर्षानुवर्षे तपासणी करून रोग कसा वाढतो, ओसरतो, उलटतो आणि कशात परिणत होतो याची नोंद ठेवणे, हा त्याच्या दीर्घकालीन वाटचालीच्या अभ्यासाचा विषय होय.

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील विकृतिशास्त्रज्ञ बेंजामिन कॅसलमन यांनी १९५४ मध्ये एका रुग्णाची आणि १९५६ मध्ये १३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांनी वर्णिलेला विकार छातीतील एकाच भागापुरता मर्यादित होता आणि शस्त्रक्रियेने गाठ काढली की तो बहुधा बरा होत असे. बहुकेंद्री प्रकार पुढे वेगळा ओळखला गेला. युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांनी १९९४ मध्ये कापोसी सार्कोमा या बहुधा त्वचेवर दिसणाऱ्या कर्करोगाच्या ऊतींत नवा हर्पिस विषाणू शोधला, आणि पुढच्याच वर्षी फ्रेंच संशोधकांना त्याचे जनुकीय अंश एचआयव्हीबाधितांमधील बहुकेंद्री कॅसलमन रोगाच्या तपासलेल्या सर्व १४ नमुन्यांत, तर एचआयव्ही नसलेल्या १७ पैकी ७ नमुन्यांत सापडले.

या रोगाचा स्वभावच असा आहे की एका भेटीत तो कळत नाही. ताप, रात्रीचा घाम, कमालीचा थकवा, वजनघट, पायांवर सूज, वाढलेली प्लीहा, रक्तक्षय, रक्तातील अल्ब्युमिन आणि सोडियम यांची घट, अशी लक्षणे उसळून येतात आणि काही वेळा उपचारांविनाही ओसरतात. उतार पडलेला असताना तपासलेला रुग्ण जवळजवळ निरोगी वाटू शकतो, तर उसळीत तोच रुग्ण काही दिवसांत अत्यवस्थ होऊ शकतो. म्हणून एखादे औषध दिल्यावर ताप उतरला, तर तो औषधाने उतरला की रोगाच्या अंगभूत चढउताराने, हे ठरवायला त्या रुग्णाची आधीची वाटचाल ठाऊक असावी लागते. रुग्ण मोजकेच असल्याने मोठ्या तुलनात्मक चाचण्या घेणे अवघड असते. अशा वेळी प्रत्येक रुग्णाच्या उसळीची त्याच्याच उताराशी केलेली तुलना फार मोलाची ठरते.

अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००४ मध्ये अशा रुग्णांसाठी वाटचालीचा अभ्यास सुरू केला. लक्षणांची नोंद, रक्तातील विषाणूचा भार, सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन हे दाह दाखवणारे प्रथिन, सायटोकाईनांचे (पेशींमधील संदेश वाहणाऱ्या प्रथिनांचे) प्रमाण आणि ग्रंथींची बायॉप्सी (ऊतीचा तुकडा काढून केलेली तपासणी) यांची सांगड घालणे हे त्याचे कार्य आहे. नैसर्गिक वाटचाल म्हणजे रुग्णाला उपचारांवाचून ठेवणे असा अर्थ येथे मुळीच नाही. गरजेनुसार उपचार दिले जातात आणि त्यांचा परिणामही अभ्यासाचाच भाग असतो. या रुग्णांच्या अभ्यासातून मिळालेली एक महत्त्वाची गोष्ट इंटरल्यूकिन-६ या दाह वाढवणाऱ्या सायटोकाईन प्रथिनाविषयी आहे. मानवी पेशी ते तयार करतात, पण या विषाणूजवळही त्याची स्वतःची आवृत्ती आहे. काही उसळ्यांत मानवी, काहींत विषाणूचे, तर काहींत दोन्ही प्रथिने वाढलेली दिसली, आणि दोन्ही वाढलेली असताना रोग अधिक तीव्र होता. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या उसळ्यांची कारणे आतून वेगळी असू शकतात, हे उसळी आणि उतार या दोन्ही अवस्थांतील नमुने जपून ठेवल्यामुळेच समजले.

उपचारांमुळे ही वाटचाल आमूलाग्र बदलली आहे. पॅरिसमधील २० एचआयव्हीबाधित रुग्णांच्या १९९६ मधील अहवालात मध्यगत जीवितकाल १४ महिने होता, म्हणजे सुमारे निम्मे रुग्ण त्याआधीच दगावले. लंडनमधील २०११ च्या रुग्णमालिकेत रिटुक्सिमॅब हे बी-पेशी नष्ट करणारे औषध मिळालेल्या ४९ रुग्णांपैकी पाच वर्षे जगलेल्यांचे प्रमाण ९० टक्के होते. मात्र रिटुक्सिमॅबने कापोसी सार्कोमा बळावू शकतो. तो सोबत असल्यास लिपोसोमल डॉक्सोरुबिसिन या कर्करोगविरोधी औषधाची जोड दिली जाते. रोग वर्षांनंतरही उलटू शकतो, आणि रुग्णाला लसिकार्बुद (लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग) होण्याचा धोका असतो, त्यामुळे बरे वाटू लागल्यावरही पाठपुरावा थांबवता येत नाही. एचआयव्ही औषधांनी आटोक्यात असतानाही हा रोग उद्भवू शकतो, ही बाब अनेकदा ध्यानात घेतली जात नाही.

विषाणूचा प्रसार आफ्रिकेच्या सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील प्रदेशांत सर्वाधिक आहे, पण तेथे बायॉप्सी आणि विकृतिशास्त्राच्या सोयी अपुऱ्या असल्याने पुष्कळ रुग्णांचे निदानच होत नाही. भारतात या विषाणूचे प्रमाण कमी आढळते. शिवाय महाराष्ट्रात मानेतील गाठी, ताप आणि वजनघट एकत्र दिसली की आधी क्षयाची शंका येते, आणि येथील क्षयाचे प्रमाण पाहता ती रास्तच आहे. पण ग्रंथीच्या तपासणीत क्षयाची चिन्हे नसतील आणि रुग्ण एचआयव्हीबाधित असेल, तर त्याच ऊतीवर विषाणूच्या लाना या प्रथिनासाठी रंजनपरीक्षा (रंग देऊन ते प्रथिन दाखवणारी चाचणी) करून निदान निश्चित करता येते.