सोलापूरचा मार्शल लॉ : आधी अंमल, मग कायदा

सोलापुरात ‘मार्शल लॉ’ म्हणजे लष्करी अंमल म्हटलं की साल सांगावं लागत नाही. मागची गोष्ट थोडक्यात अशी. 1877 पासून उभ्या राहिलेल्या कापडगिरण्या आणि त्यांच्या ओढीने आलेले तेलुगू, कानडी, मराठी, उर्दू बोलणारे कामगार. त्यात मे 1930 मध्ये गांधीजींना अटक झाली आणि गाव पेटलं. 8 मेला रूपाभवानीच्या देवळाकडे, दारूविरोधी सत्याग्रहात शिंदीची झाडं तोडण्यावरून गोळीबार झाला. जमावाने पोलिसांना ठार केलं, कोर्टाची इमारत जाळली.

त्यानंतर पोलीस मागे घेतले गेले, गोरी कुटुंबं स्टेशनवर जमली आणि रस्त्यावरची वाहतूक काँग्रेसचे स्वयंसेवक सांभाळू लागले. हेच सोलापूरचं स्वातंत्र्य. कुणी ते तीन दिवसांचं सांगतं, कुणी चार. 8 तारखेची संध्याकाळ धरली की हिशेब वाढतो, एवढंच.

खरा वाद 12 मेचा आहे. गाव तोवर निवळलं होतं, असं चळवळीच्या बाजूने सांगितलं जातं. सरकारच्या लेखी ते अराजक होतं. लष्करी अंमल आधी लागला आणि त्याला कायद्याचा आधार देणारा वटहुकूम व्हाइसरॉयने मागाहून काढला. या क्रमातच सगळं आलं. जळलेल्या कोर्टाचा राग गांधी टोपीवर काढायचं कारण काय होतं? टोप्या उतरवायला लावल्या गेल्या आणि तिरंगा हातात दिसला म्हणून लोक तुरुंगात गेले. नगरपालिकेवर एप्रिलमध्ये चढलेला तोच झेंडा आता गुन्हा ठरला.

मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे हे चार हुतात्मे मात्र लष्करी अंमलाखाली फासावर गेले नाहीत. लष्करानेच त्यांना फासावर दिलं, असं भाषणांतून सर्रास ऐकू येतं. पोलिसांच्या खुनाचा त्यांच्यावरचा खटला नेहमीच्या सेशन कोर्टात चालला, हायकोर्टाने फाशी कायम केली आणि 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात ती अमलात आली. लष्करी अंमल 1930 च्या जूनअखेरीसच उठला होता. म्हणजे शिक्षेचा दोष लष्करी अधिकाऱ्यांवर टाकून साध्या न्यायव्यवस्थेला मोकळं सोडता येत नाही.

पुढे 1948 च्या सप्टेंबरात निजामाविरुद्ध निघालेली भारतीय फौज सोलापूरहूनच नळदुर्गाच्या रस्त्याला लागली. तोवर चौघांची पुण्यतिथी गावाच्या अंगवळणी पडली होती. आज पुतळ्यांपाशी चौघे एकत्र दिसतात: एक लिंगायत, एक मारवाडी, एक मुसलमान, एक मराठा. 12 जानेवारीला हार घालायला सगळे पक्ष येतात, आणि कोर्टाचा विषय कुणीच काढत नाही.