ग्वानशी

ग्वानशी : नाते, ओळख आणि उपकारांची देवघेव यांमुळे दोन व्यक्तींवर येणारी परस्पर बांधिलकी व तिच्या आधारे चालणारी चिनी समाजातील व्यवहाररीती. व्यापारी वाटाघाटी, नेमणुका, कर्जे, शासकीय परवाने अशा अनेक क्षेत्रांत तिचा प्रभाव दिसतो. परदेशी व्यापारविषयक लेखनात तिला लाचेच्या जवळ नेऊन बसवले जाते, ते योग्य नाही. लाच दिली-घेतली की व्यवहार संपतो. ग्वानशीत एक काम पुढच्या कामाची जबाबदारी मागे ठेवून जाते.

समान गाव, शाळा, आडनाव, कामाची जागा किंवा रक्ताचे नाते हे ग्वानशीचे नेहमीचे आधार होत. जे. ब्रूस जेकब्ज यांनी तैवानच्या ग्रामीण भागातील राजकारणाच्या अभ्यासात (१९७९) असे दाखवले, की केवळ समान आधार पुरेसा नसतो. सहवासातून वाढलेली आपुलकी (गानछिंग) त्यात भर घालते. उपकाराचे देणे म्हणजे रेनछिंग. ते ठरावीक मुदतीत फेडायचे नसते, पण विसरायचेही नसते. जेथे समान आधार नाही, तेथे दोन्ही बाजूंच्या विश्वासातला मध्यस्थ लागतो. समोरासमोर उच्चारता न येणारे आक्षेप व किमतीबद्दलची नाराजी त्याच्यामार्फत पोचते.

ग्वानशीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. एका मताप्रमाणे तिचे मूळ कन्फ्यूशसप्रणीत समाजविचारात आहे. कन्फ्यूशस परंपरेतील तत्त्वज्ञ मेन्शियसने सांगितलेल्या पाच मानवी संबंधांत (राजा–मंत्री, पिता–पुत्र, पती–पत्नी, थोरला–धाकटा, मित्र–मित्र) माणसाचे कर्तव्य समोर कोण आहे यावरून ठरते. लीजी या प्राचीन संहितेत, आलेल्या भेटीला परतभेट न देणे हा शिष्टाचाराचा भंग होय, अशा आशयाचे वचन आहे. या संहितेचे आजचे रूप सामान्यतः हान राजवटीच्या काळातील (इ. स. पू. २०६–इ. स. २२०) मानले जाते; तिचे काही भाग बहुधा त्याहून जुने असावेत. समाजशास्त्रज्ञ फेइ श्याओतुंग (१९१०–२००५) यांनी १९४० च्या दशकात मांडलेली कल्पना या मताला आधार देते. पाण्यात दगड टाकल्यावर उठणाऱ्या तरंगांप्रमाणे चिनी माणसाचे संबंध त्याच्यापासून बाहेर पसरत जातात, अंतरानुसार बांधिलकी क्षीण होते आणि वर्तुळाचा व्याप त्या माणसाच्या सामर्थ्यावर अवलंबून असतो, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसऱ्या मताप्रमाणे ग्वानशीचे आजचे रूप १९४९ नंतरच्या, म्हणजे साम्यवादी राजवटीतील, टंचाईतून घडले. धान्याची कुपने १९५५ पासून १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत चालली. घर, नोकरी, औषधोपचार हे सारे नेमून दिलेल्या कार्यसंस्थेच्या हाती होते. अशा स्थितीत दुकानातला विक्रेता, डॉक्टर किंवा वाहनचालक यांच्याशी असलेली ओळख मोलाची ठरली. मेफेअर यांग यांनी १९८० च्या दशकातील क्षेत्रकार्याच्या आधारे या ‘मागच्या दारा’च्या व्यवहारांचे तपशीलवार वर्णन केले आहे. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६–७६) व त्यानंतर या व्यवहारांना बहर आला, असे त्यांच्या विवेचनावरून दिसते.

मात्र केवळ टंचाईचे कारण देऊन मिंग व चिंग राजवटींच्या काळांतील (१३६८–१९१२) व्यापाराचा उलगडा होत नाही. शान्शी आणि हुइचौ येथील व्यापाऱ्यांची जाळी गाव व कुळ यांवर उभी होती. मोठ्या शहरांतील गाववाल्यांच्या सभागृहांत (हुइग्वान) मुक्काम, पूजा, तंटानिवारण व व्यापारी पत असल्याची खात्री या सोयी असत. कँटन (आजचे ग्वांगचौ) येथे १८४२ पर्यंत परदेशी व्यापार कोहाँग या मान्यताप्राप्त व्यापारीसंघातर्फे चाले. प्रत्येक परदेशी जहाजासाठी संघातील एक व्यापारी जामीन राही आणि जकातीबरोबरच खलाशांच्या वर्तनालाही जबाबदार धरला जाई. मुंबईचे जमशेटजी जीजीभॉय (१७८३–१८५९) आणि अन्य पारशी व्यापारी कापूस व अफूच्या व्यापारात याच पद्धतीशी जुळवून घेत होते. हा पुरावा पाहता बांधिलकीची कल्पना जुनी व तिचे हिशेबी कौशल्यात झालेले रूपांतर अर्वाचीन, ही मांडणी अधिक ग्राह्य वाटते.

बाजारव्यवस्था वाढली की ग्वानशी ओसरेल का, हा याच वादाचा पुढचा भाग. डग गथ्री यांनी शांघायमधील उद्योगांच्या अभ्यासावरून तिचे महत्त्व घटत असल्याचे प्रतिपादन केले (१९९८). यांग यांनी २००२ मध्ये त्याला उत्तर दिले : ग्राहकोपयोगी वस्तूंपुरती ती मागे पडली, पण उद्योजक आणि अधिकारी यांच्या व्यवहारांत तिला नवे क्षेत्र मिळाले. कॅथरिन शिन व जोन पिअर्स यांच्या पाहणीतही (१९९६) कायद्याचे पाठबळ अपुरे असलेल्या खाजगी कंपन्यांचे चालक ओळखींवर अधिक विसंबून असल्याचे आढळले.

वाटाघाटींतील संभाषणाशी प्रतिष्ठेच्या कल्पनेचा निकट संबंध आहे. हू श्येनचिन यांनी १९४४ मध्ये तिचे दोन प्रकार वेगळे केले : ल्येन म्हणजे सचोटीवरचा समाजाचा विश्वास आणि म्येन्झ म्हणजे यश, पद व दिमाख यांतून मिळणारा मान. चारचौघांत चूक दाखवली तर म्येन्झला धक्का बसतो. म्हणून स्पष्ट नकाराऐवजी ‘विचार करू’, ‘थोडे अवघड आहे’ अशी उत्तरे येतात, आणि जाणकार त्यांतून नकार ओळखतो.

वाटाघाटींच्या शैलीवर अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ ल्यूशन पाय यांचा अहवाल (१९८२) दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. आधी व्यापक तत्त्वांवर संमती व तपशील नंतर, यजमानपदामुळे वेळापत्रकावर ताबा, सहीनंतरही चालू राहणारी चर्चा, ही त्यांची निरीक्षणे आजही उद्धृत होतात. ती प्रामुख्याने परदेशी व्यापाऱ्यांच्या मुलाखतींवर आधारलेली आहेत आणि त्या वेळी समोर बहुधा सरकारी व्यापार महामंडळे असत, हे ध्यानात ठेवणे अत्यावश्यक आहे. टोनी फँग (१९९९) यांनी एकाच चिनी वाटाघाटकर्त्यात नोकरशहा, कन्फ्यूशसप्रणीत सज्जन व प्राचीन युद्धशास्त्रकार सून त्झूसारखा डावपेची अशा तीन भूमिका पाहिल्या; विश्वास जितका अधिक, तितकी सज्जनाची भूमिका प्रभावी ठरते.

संबंधांना महत्त्व असले, तरी कागदपत्रे गौण नाहीत. एकत्रित करारकायदा १९९९ चा. २०२१ पासून त्याची जागा नागरी संहितेने घेतली. कंपनीच्या कागदांवर गोल लाल शिक्क्याचे (कुंगचांग) वजन मोठे असते. शिक्के सार्वजनिक सुरक्षा विभागाकडे (पोलिसांकडे) नोंदवले जातात. करार व वित्त यांसाठी स्वतंत्र शिक्के असू शकतात. शिक्का ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती कारभार, अशी स्थिती येऊ शकते. २०२० मध्ये तांगतांग या पुस्तकविक्री कंपनीच्या सहसंस्थापकाने कार्यालयातून शिक्के उचलून नेल्याने ही गोष्ट जगापुढे आली. शिक्का मारणारी व्यक्ती तसे करण्यास अधिकृत होती काय, हेही न्यायालये तपासतात.

२०१२ च्या अखेरीस सत्ताधारी साम्यवादी पक्षाने जाहीर केलेल्या आठ कलमी नियमांनी अधिकाऱ्यांच्या मेजवान्या व भेटवस्तूंवर बंधने आली. २०१४ मध्ये छांगशा येथील न्यायालयाने लाचप्रकरणी ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीच्या चिनी शाखेस तीन अब्ज युआन दंड केला. दैनंदिन संपर्क आता बराचसा वीचॅट (२०११) या मोबाइल संदेशसेवेच्या माध्यमातून होतो.