डिव्हिजनमधला असमतोल : बिग टेन कॉन्फरन्सचे ईस्ट आणि वेस्ट (२०१४–२०२३)

एका कॉन्फरन्सच्या (आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाच्या) टीम दोन डिव्हिजनमध्ये वाटल्या, आणि वर्षानुवर्षं सगळ्या तगड्या टीम एकाच बाजूला राहिल्या, की त्याला डिव्हिजनमधला असमतोल म्हणतात. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये (हेल्मेट घालून खेळतात तो, आपला पायाने खेळायचा नाही) हा प्रकार जवळजवळ प्रत्येक मोठ्या कॉन्फरन्सने कधी ना कधी बघितला, पण सगळ्यात ठसठशीत उदाहरण बिग टेनचं. नावात दहा असलं तरी २०१४ पासून टीम १४ होत्या, सात ईस्टमध्ये आणि सात वेस्टमध्ये, आणि दरवर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला (कोविडच्या वर्षी थोडं उशिरा) दोन्ही बाजूंचे विजेते इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये भिडायचे. अशा दहा फायनल झाल्या आणि दहाच्या दहा ईस्टने जिंकल्या. दहा वर्षांचे पॉइंट जोडले तर ईस्ट ३५२, वेस्ट १४५.

मुळात डिव्हिजन पाडल्या कशाला हे आधी बघायला हवं. एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संस्था) हिचा नियमच असा होता की कॉन्फरन्सला आपली चॅम्पियनशिप गेम घ्यायची तर किमान १२ टीम हव्यात, त्यांचे दोन भाग हवेत आणि प्रत्येक भागातल्या टीमने आपल्या भागातल्या बाकी सगळ्यांशी खेळलं पाहिजे. साउथईस्टर्न कॉन्फरन्सने, म्हणजे एसईसीने, १९९२ मध्ये याचा फायदा घेऊन पहिली फायनल खेळवली, टीव्हीचा पैसा दिसला आणि मग हळूहळू बाकीचे त्याच वाटेने गेले. बिग टेनकडे २०११ पर्यंत ११ टीम होत्या, त्या वर्षी नेब्रास्का आली आणि १२ चा आकडा पूर्ण झाला.

पहिली वाटणी खरं तर समतोल डोळ्यासमोर ठेवूनच झाली होती आणि हे लोक विसरतात. पेन स्टेट आल्यापासूनचे, म्हणजे १९९३ नंतरचे रेकॉर्ड बघून कमिशनर जिम डेलनी यांच्या काळात दोन गट केले, ओहायो स्टेट आणि पेन स्टेट एका गटात, मिशिगन आणि नेब्रास्का दुसऱ्या गटात. नावं ठेवली लीडर्स आणि लेजंड्स, ती कोणालाच आवडली नाहीत आणि कोणती टीम कुठल्या गटात हे कट्टर फॅनच्या सुद्धा लक्षात राहायचं नाही. शिवाय ओहायो स्टेट आणि मिशिगन वेगळ्या गटात असल्यामुळे नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी त्यांची परंपरेची मॅच आणि लगेच पुढच्या शनिवारी फायनलमध्ये परत तेच दोघं, अशी शक्यता कायम डोक्यावर होती. त्यामुळे २०१४ मध्ये मेरीलँड आणि रटगर्स आल्यावर कॉन्फरन्सने सरळ नकाशा घेतला आणि पूर्व-पश्चिम रेघ मारली.

ईस्टमध्ये ओहायो स्टेट, मिशिगन, मिशिगन स्टेट, पेन स्टेट, इंडियाना, मेरीलँड, रटगर्स. वेस्टमध्ये विस्कॉन्सिन, आयोवा, नेब्रास्का, मिनेसोटा, नॉर्थवेस्टर्न, इलिनॉय, पर्ड्यू. रेघ इंडियाना राज्याच्या मधून गेली म्हणून इंडियाना एकीकडे आणि पर्ड्यू दुसरीकडे, आणि त्यांची जुनी मॅच चालू राहावी म्हणून ती दरवर्षीची पक्की ठेवली. (आपल्याकडे एमएसला जाणाऱ्यांना पर्ड्यू आणि इलिनॉय ही नावं इंजिनिअरिंगमुळे पाठ असतात, फुटबॉलमध्ये ही दोन्ही वेस्टची.) शेजाऱ्यांच्या मॅच जपायच्या या हिशोबाने वाटणी उत्तम होती, पण मिशिगन, ओहायो स्टेट आणि पेन स्टेट हे तिन्ही मोठे हत्ती एकाच गोठ्यात गेले.

दहा फायनल

पहिल्याच वर्षी निकाल इतका एकतर्फी लागला की वेस्टवर शिक्काच बसला. २०१४ ला ओहायो स्टेटचा पहिला क्वार्टरबॅक (पास टाकून आक्रमण चालवणारा खेळाडू) सीझनच्या आधीच बाद, दुसरा मिशिगनविरुद्ध जखमी, म्हणून तिसऱ्या नंबरचा कार्डेल जोन्स आयुष्यातली पहिली स्टार्ट घेऊन उतरला, समोर विस्कॉन्सिनचा मेल्विन गॉर्डन, ज्याने त्या सीझनला बॉल घेऊन धावत २००० यार्डच्या वर अंतर कापलं होतं. गॉर्डनला ७६ यार्डवर रोखलं आणि स्कोअर ५९–०. तीच ओहायो स्टेट पुढे पहिल्या प्लेऑफची (निवड समितीने निवडलेल्या टीमची राष्ट्रीय स्पर्धा) राष्ट्रीय विजेती झाली.

पण पुढची तीन वर्षं वेस्ट खरंच जवळ होतं आणि मला ही वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. २०१५ ला आयोवा १२–० अशी अपराजित आली, चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला ८५ यार्डचा टचडाउन पास टाकून १३–९ ने पुढे गेली, आणि मग मिशिगन स्टेटने जो ड्राइव्ह (बॉल आपल्याकडे ठेवून सलग केलेली चढाई) केला तो अजूनही लोक सांगतात, २२ प्ले, ८२ यार्ड, नऊ मिनिटांहून जास्त वेळ बॉल त्यांच्याचकडे, आणि शेवटी फक्त २७ सेकंद उरलेले असताना एलजे स्कॉट घोळक्यात अडकला, तिथून सुटून वळला आणि हात लांब करून बॉल रेषेपलीकडे नेला. १६–१३. आयोवाचा प्लेऑफ तिथेच गेला. २०१६ ला विस्कॉन्सिन पेन स्टेटपुढे २८–७ ने पुढे होती आणि ३८–३१ ने हरली. २०१७ ला विस्कॉन्सिन १२–० होती, ओहायो स्टेटकडून २७–२१. या तिन्हीपैकी एक जरी उलटी पडली असती तरी दहा-शून्य हा आकडा राहिला नसता आणि ही चर्चा इतकी तापली नसती.

त्यानंतर मात्र अंतर वाढलं. २०१८ आणि २०२० ला नॉर्थवेस्टर्न, २०१९ ला विस्कॉन्सिन, तिन्ही वेळा ओहायो स्टेटकडून पराभव. विस्कॉन्सिन हाफटाइमला २१–७ पुढे असून ३४–२१ ने हरली. मग मिशिगनची पाळी : २०२१ ला आयोवाविरुद्ध ४२–३, २०२२ ला पर्ड्यूविरुद्ध ४३–२२, आणि २०२३ ला परत आयोवा, २६–०.

वेस्ट सगळंच कमजोर होतं का

नाही, आणि इथेच बहुतेक लोक घाईने बोलतात. २०१७ ला आयोवाने ओहायो स्टेटला ५५–२४ ने धुतलं, २०१८ ला पर्ड्यूने त्याच ओहायो स्टेटला ४९–२० ने, आणि दोन्ही वर्षी ओहायो स्टेट कॉन्फरन्स जिंकूनही प्लेऑफला जाऊ शकली नाही, त्यात या पराभवांचा मोठा हात होता. २०१९ ला मिनेसोटाने पेन स्टेटला ३१–२६ ने हरवलं. उलट ईस्टमध्ये रटगर्स, मेरीलँड आणि इंडियाना या दहा वर्षांत एकदाही डिव्हिजन जिंकू शकल्या नाहीत आणि रटगर्सचे काही सीझन फार वाईट गेले. दोन्ही बाजूंनी चार-चार वेगवेगळे विजेते दिले, म्हणजे वेस्टमध्ये चुरस कमी होती असंही नाही. असमतोल होता तो टोकाला. ईस्टच्या पहिल्या दोन-तीन टीम देशातल्या पहिल्या दहात असायच्या, वेस्टची पहिली टीम बऱ्याचदा पहिल्या पंधरा-वीसात, आणि मधल्या टीममध्ये फारसा फरक नव्हता. सरासरी काढली की हे दिसत नाही, फायनलला दिसतं.

कारणं बघितली तर टीव्हीचा पैसा हे कारण नाही, कारण बिग टेनमध्ये तो जुन्या टीमना सारखाच मिळतो (मेरीलँड आणि रटगर्सला सुरुवातीची काही वर्षं कमी मिळाला). फरक पडतो तो गेटच्या पैशाने, देणग्यांनी आणि रिक्रूटिंगने, म्हणजे शाळेतले खेळाडू आपल्या टीममध्ये आणण्याने. कॉन्फरन्समधली लाखाच्या वर बसायची सोय असलेली तिन्ही स्टेडियम, मिशिगनचं १,०७,६०१, पेन स्टेटचं बीव्हर स्टेडियम आणि कोलंबसचं ओहायो स्टेडियम, ईस्टमध्येच. शाळेतली चांगली पोरंही ओहायो, पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी, मेरीलँड याच पट्ट्यात जास्त, आणि आयोवा किंवा नेब्रास्कासारख्या विरळ वस्तीच्या राज्यात टीमला बरेचसे रिक्रूट बाहेरून आणावे लागतात नाहीतर दुर्लक्षित पोरगा घेऊन तीन वर्षं घडवावा लागतो. आयोवा आणि विस्कॉन्सिनने हे घडवायचं काम फार मन लावून केलं आणि त्याचं श्रेय त्यांना पुरेसं मिळालं नाही असं माझं मत आहे.

सगळ्यात मोठा हिशोब चुकला तो नेब्रास्काचा. पाच राष्ट्रीय विजेतेपदं असलेली टीम (१९७०, १९७१, १९९४, १९९५, १९९७), ती वेस्टचा खांब होईल असंच सगळे धरून चालले होते. तसं झालं नाही. २०१७ पासून २०२३ पर्यंत त्यांना एकही बोल गेम (सीझननंतरची निमंत्रणाची मॅच) मिळाली नाही, २०२१ ला तर ३–९ असा सीझन, आणि त्या नऊच्या नऊ मॅच दहापेक्षा कमी पॉइंटने हरलेल्या. नेब्रास्का जर १९९० च्या दशकातली राहिली असती तर ही नोंद लिहायची वेळ आली नसती.

नुकसान कोणाचं

पहिलं नुकसान ईस्टच्या दुसऱ्या नंबरचं. २०१८ ला मिशिगन कॉन्फरन्समध्ये ८–१ होती, नॉर्थवेस्टर्नही ८–१, आणि मिशिगनने त्याच सीझनला नॉर्थवेस्टर्नला त्यांच्या घरी जाऊन २०–१७ ने हरवलं होतं. फायनलला गेली नॉर्थवेस्टर्न, जी कॉन्फरन्सबाहेरच्या तिन्ही मॅच हरली होती, त्यात एक ॲक्रनसारख्या लहान टीमविरुद्ध. २०२२ ला ११–१ ची ओहायो स्टेट आणि १०–२ ची पेन स्टेट घरी बसल्या आणि ८–४ ची पर्ड्यू फायनल खेळली, पर्ड्यूला पेन स्टेटने सीझनच्या पहिल्याच मॅचला हरवलेलं.

दुसरं नुकसान फायनलच्या किमतीचं, आणि हे जास्त खोल आहे. २०१६ ला पेन स्टेट आणि ओहायो स्टेट दोघी ८–१, आपसातली मॅच पेन स्टेटने २४–२१ ने जिंकलेली म्हणून ती फायनलला गेली, फायनल जिंकली, कॉन्फरन्सची विजेती झाली, आणि प्लेऑफचं बोलावणं मात्र घरी बसलेल्या ओहायो स्टेटला. समोरची टीम कमी दर्जाची धरली जाणार असेल तर तिच्यावर मिळवलेल्या विजयाला निवड समितीकडे वजन राहत नाही. वेस्टच्या विजेत्याचं तर दुहेरी नुकसान, हरला तर "अपेक्षितच होतं" आणि १२–० असला तरी "सोप्या बाजूने आला".

इतर कॉन्फरन्स

बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्समध्ये २००४ ते २०१० सलग सात वर्षं साउथ डिव्हिजनच जिंकलं, २००५ ला टेक्ससने कोलोरॅडोला ७०–३ ने हरवलं. २००८ ला साउथमध्ये टेक्सस, ओक्लाहोमा आणि टेक्सस टेक तिघांनी एकमेकांना हरवून बरोबरी केली, टेक्ससने ओक्लाहोमाला ४५–३५ ने हरवलेलं असूनही रँकिंगच्या जोरावर ओक्लाहोमा पुढे गेली आणि फायनलमध्ये नॉर्थच्या मिझुरीला ६२–२१. एसईसीमध्ये १९९० च्या दशकात फ्लोरिडा आणि टेनेसीमुळे ईस्ट वरचढ, मग २००९ ते २०१६ सलग आठ वेळा वेस्ट, म्हणजे तिथे तराजू फिरला तरी. एसीसीचा (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स) प्रकार वेगळा, तिथल्या कोस्टल डिव्हिजनमध्ये २०१३ ते २०१९ या सात वर्षांत सातही टीम एकेकदा डिव्हिजन जिंकल्या आणि त्या काळात फायनल मात्र दरवर्षी दुसऱ्या बाजूच्या फ्लोरिडा स्टेट किंवा क्लेमसनने नेली.

डिव्हिजन गेल्यानंतर

२०२२ च्या मे महिन्यात एनसीएएने डिव्हिजनची सक्ती काढली. पॅक-ट्वेल्व्ह कॉन्फरन्सने त्याच वर्षी, एसीसीने २०२३ ला आणि एसईसी व बिग टेनने २०२४ ला डिव्हिजन बंद केल्या, आता टेबलमधल्या पहिल्या दोन टीम फायनल खेळतात. बिग टेनमध्ये त्याच वेळी ओरेगॉन, वॉशिंग्टन, यूएससी आणि यूसीएलए आल्या आणि टीम १८ झाल्या. २०२४ ला ओरेगॉनने पेन स्टेटला ४५–३७ ने हरवलं. २०२५ ला इंडियाना आणि ओहायो स्टेट, दोघीही १२–० आणि दोघीही जुन्या ईस्टच्या, समोरासमोर आल्या आणि इंडियानाने १३–१० ने जिंकली. जुन्या वाटणीत यातली एकच टीम इंडियानापोलिसला गेली असती.

प्रश्न मात्र पूर्ण सुटलेला नाही, तो आता वेळापत्रकात गेलाय. १८ टीम आणि कॉन्फरन्सच्या नऊ मॅच, म्हणजे प्रत्येक टीम आठ जणांशी खेळतच नाही, आणि कोणाच्या वाट्याला कोण येतं यावर टेबल ठरतं. २०२४ ला पेन स्टेट आणि इंडियाना दोघी ८–१ होत्या, एकमेकींशी खेळल्याच नव्हत्या, आणि फायनलचं दुसरं तिकीट टायब्रेकरवर (बरोबरी सोडवायच्या नियमावर) पेन स्टेटला मिळालं.